'गिव्हन' आलं की आधी टेबल काढायचं: प्रोबॅबिलिटीचा माझा अनुभव

बी.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स घेतलं तेव्हा पत्त्यांची, फाशांची साधी गणितं सुटायची, गाडी अडायची ती 'गिव्हन' शब्दावर, म्हणजे एक गोष्ट घडलीय हे माहीत असेल तर दुसरी घडण्याची शक्यता किती, असं विचारलं की. सूत्र पाठ होतं, जॉइंट (दोन्ही गोष्टी एकत्र घडण्याची प्रोबॅबिलिटी) भागिले अटीची (जी घडलीय हे माहीत आहे तिची) प्रोबॅबिलिटी, पण शाब्दिक गणितात अट कुठली हे शोधण्यातच निम्मा वेळ जायचा. शेवटी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करणाऱ्या एका ताईनं सांगितलं, टक्के बाजूला ठेव, दिवस नाहीतर माणसं मोज आणि चार खणांचं टेबल काढ.

समजा पावसाळ्यातले 100 दिवस घेतले (आकडे गणितापुरतेच हं). राधानगरीत 40 दिवस जोराचा पाऊस, त्यातले 24 दिवस कोल्हापुरातपण जोराचा, आणि 6 दिवस नुसता कोल्हापुरात. म्हणजे कोल्हापूरचे एकूण 30 झाले आणि दोन्हीकडं कोरडे राहिले 70 नाही, 54, कारण राधानगरीचे एकटीचे 16 पण वजा करायला लागतात. आता दोन्हीकडं पाऊस, ही जॉइंट, 24 भागिले 100. पण राधानगरीत पडलाय हे माहीत असेल तर बाकीचे 60 दिवस सरळ खोडायचे, खाली 40 येतात, 24 भागिले 40, म्हणजे 0.6. उलटं विचारलं, कोल्हापुरात पडलाय तर राधानगरीत किती, तर 24 भागिले 30, 0.8. वरचा आकडा तोच, फक्त छेद बदलला! मला तर सगळा विषय इथंच उघडला. स्वतंत्र घटना (एकीचा दुसरीच्या शक्यतेवर परिणाम नाही अशा) आहेत का तेपण इथंच कळतं, तशा असत्या तर जॉइंट दोघींच्या गुणाकाराइतकी आली असती, 0.4 गुणिले 0.3 म्हणजे 0.12, आणि जॉइंट आहे 0.24, म्हणजे नाहीत.

पत्त्यांचंपण तसंच, दोन एक्के लागोपाठ काढायचे आणि पहिला परत ठेवायचा नाही तर 4/52 गुणिले 3/51, म्हणजे 1/221. दुसऱ्या अपूर्णांकात अट आधीच बसलेली असते.

यानंतर बेजचं प्रमेय, म्हणजे अट उलटी करून शक्यता काढायचा नियम, अवघड गेलं नाही (थॉमस बेजचा हा निबंध तो वारल्यावर 1763 मध्ये छापला गेला). समजा 1000 माणसांत 10 आजारी, टेस्ट त्यातले 9 पकडते, पण 990 निरोगी माणसांतल्या 99 जणांनापण पॉझिटिव्ह दाखवते. मग पॉझिटिव्ह आलेला खरंच आजारी असण्याची शक्यता 9 भागिले 108, म्हणजे बारात एक. मी हे घरी आईला वहीत टेबल काढून दाखवलं, तिला सूत्राशिवाय समजलं, आणि तिनंच पुढचं विचारलं, मग दुसऱ्यांदा टेस्ट केली तर? त्यासाठी नवीन टेबल, सुरुवातीला 1000 नाही, हेच 108 घ्यायचे.