शेवटची नसलेली शेवटची केस

शुक्रवार, रात्र

अगाथा ख्रिस्तीचं 'स्लीपिंग मर्डर' आज अखेर उघडलं. खुनांचा छडा लावणाऱ्या तिच्या म्हाताऱ्या मिस मार्पलच्या बारा कादंबऱ्यांपैकी एवढी एकच वाचायची राहिली होती. राहिली म्हणजे, ठेवली होती. कपाटात पुढेच उभी असायची, हात तिच्या शेजारच्या पुस्तकाकडे जायचा. मावशी मागे म्हणाली होती, "वाचून टाक की एकदाची. लोणचं आहे का ते, मुरायला ठेवायला?"

मावशीला हे कळणं अवघडच. ती रहस्यकथा हातात घेतली की आधी शेवटचं पान वाचते. कोणी मारलं ते एकदा कळलं, की मग निवांतपणे पहिल्यापासून सुरुवात. तिला कोडं नको असतं, माणसं हवी असतात. मला दोन्ही हवं असतं, आणि एकदा वाचलेलं कोडं पुन्हा कोडं राहत नाही. ही कादंबरी संपली की मार्पलबाईंची नवी भेट कायमची बंद.

आज पहिली तीन प्रकरणं झाली. जास्त वाचायचं नाही असं ठरवलं आहे.

शनिवार

ठरवलेलं टिकलं नाही. अर्ध्यापर्यंत आले.

ग्वेंडा नावाची नवपरिणीत मुलगी न्यूझीलंडहून इंग्लंडला येते. नवरा मागाहून येणार असतो, तोवर तिने घर शोधायचं. डेव्हनच्या किनाऱ्यावर डिलमथ नावाच्या (काल्पनिक) गावात तिला एक घर बघताक्षणी आवडतं आणि ती ते घेऊन टाकते. मग एकेक गोष्ट घडायला लागते. बागेत अमुक ठिकाणी पायऱ्या हव्या होत्या असं तिला वाटतं, आणि माळी झुडपं काढतो तर खाली जुन्या पायऱ्या. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत दार हवं असं वाटतं, तर तिथे खरंच बुजवलेलं दार. एका खोलीला कसला कागद लावायचा याचं चित्र ती मनाशी रंगवते, खसखशीची लाल फुलं आणि निळी फुलं. आणि रंग बसून घट्ट झालेलं एक कपाट उघडल्यावर आत तोच कागद, जुना, भिंतीला चिकटलेला.

ही जागा रात्री एकटीने वाचू नये. ख्रिस्तीबाईंनी भुताचं नावही काढलेलं नाही, नुसत्या कपाटाच्या दारावर काम भागवलं आहे. पुढे ग्वेंडा लंडनला मिस मार्पलच्या भाच्याकडे राहायला जाते. सगळे मिळून जॉन वेबस्टरचं 'द डचेस ऑफ मॅल्फी' बघायला जातात. त्यात मेलेल्या बाईचा चेहरा झाका, असं एक वाक्य येतं, आणि ग्वेंडा भर थिएटरात किंचाळून पळत सुटते. जिन्याच्या कठड्यातून खाली बघणारी एक लहान मुलगी तिला आठवते. खाली एक बाई पडलेली. आणि माकडाच्या पंजांसारखे कुणाचे तरी हात.

ज्याला ते नाटक ठाऊक आहे, त्याच्या हातात ख्रिस्तीने उत्तर तिथेच ठेवलं आहे. पुस्तकाचा पाव भागही झालेला नसताना! मला नाटक ठाऊक नव्हतं. त्यामुळे मी आपली वकील, मेजर आणि सहलीच्या बसगाड्या चालवणारा तो चकचकीत गृहस्थ, या तिघांच्या मागे फिरत राहिले.

गंमत म्हणजे या सगळ्या गुंत्याच्या मुळाशी हिंदुस्थान आहे. ग्वेंडाचा जन्म इथलाच. बाप इथे फौजेत, आई इथेच वारली. बाप परतीच्या बोटीवर दुसरीच्या प्रेमात पडला. ख्रिस्तीच्या गावांमध्ये हिंदुस्थान हे असंच येतं, कुणीतरी तिथून परत येतं एवढ्यापुरतं. परतलेले कर्नल, पितळी भांडी, वाघाची कातडी, आणि बोटीवर जुळलेली किंवा मोडलेली लग्नं. आपण मात्र त्यात कुठेच नाही. पूर्वी मला याचा राग यायचा. आता वाटतं, कुठल्याही कर्नलच्या घरात खून होतो तेव्हा तिथे आपण नसलेलंच बरं.

रविवार

दुपारी पुस्तक बाजूला ठेवून या पुस्तकाच्या जन्माविषयी वाचत बसले. जन्मकथाही कादंबरीच्या तोडीची आहे.

हे पुस्तक बाजारात आलं 1976 साली. ख्रिस्ती त्याच वर्षी 12 जानेवारीला वारली होती. पण लिहिलेलं होतं कितीतरी आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. लंडनवर बॉम्ब पडत होते. आपण यातून वाचू की नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून बाईंनी दोन कादंबऱ्या लिहून बाजूला ठेवल्या. एक तिच्या दुसऱ्या गुप्तहेराची, प्वारोची, 'कर्टन', ती मुलीच्या नावे, आणि ही मार्पलची नवऱ्याच्या नावे. रीतसर बक्षीसपत्र करून. हस्तलिखितं तिजोरीत, त्यांचा विमाही उतरवलेला. लोक घरच्यांसाठी दागिने ठेवतात, बाईंनी एकेक खून ठेवला. आणि मग वाचल्या, आणि पुढची तीसेक वर्षं लिहीतच राहिल्या.

प्वारोला तिने 'कर्टन'मध्ये मारलं. 1975 साली ते पुस्तक येणार म्हटल्यावर न्यूयॉर्क टाइम्सने 6 ऑगस्टच्या अंकात पहिल्या पानावर त्याची मृत्युवार्ता छापली होती. कादंबरीतल्या माणसाची! प्वारोचा तिला मनापासून कंटाळा आला होता आणि तो तिने लपवलाही नाही. मार्पलला मात्र तिने हात लावला नाही. 'मिस मार्पलची शेवटची केस' असं या पुस्तकाच्या नावाखाली लिहिलेलं असतं, पण बाई पुस्तकात ठणठणीत आहेत.

वयाचा घोळ मात्र मोठा आहे. मार्पल पहिल्यांदा आली 1927 साली एका मासिकातल्या गोष्टीत, पहिली कादंबरी 1930 ची. तेव्हाच ती म्हातारी होती. सुरुवातीलाच तिला इतकी वयस्क करायला नको होतं, असं ख्रिस्तीने पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे. तिला काय कल्पना, की ही म्हातारी आपल्याला जन्मभर पुरणार आहे!

पण म्हणूनच 1962 च्या 'द मिरर क्रॅक्ड'मध्ये जे दिसतं ते मला या सगळ्या मालिकेत सर्वांत खरं वाटतं. गावाबाहेर नवी वसाहत झालेली, सुपरमार्केट आलेलं. मार्पलच्या हातून विणकामाचे टाके सुटतात. डॉक्टरांनी बागकाम बंद केलेलं. घरात एक सोबतीण ठेवलेली, ती लहान मुलाशी बोलावं तशी तिच्याशी बोलते. हे असलं बोलणं माझ्या आजीशीही सगळे बोलायचे, आणि आजी मार्पलसारखीच गोड हसून गप्प बसायची. पुढे 1971 च्या 'नेमेसिस'मध्ये तर ती फार थकलेली आहे. आणि त्यानंतर वाचकांच्या हाती पडली ही कादंबरी, जिच्यात बाई गुडघे टेकून तण उपटत आहेत.

म्हणजे छापल्याच्या क्रमाने वाचणाऱ्याला शेवटी भेटते ती तरुण झालेली मार्पल. 'मिरर क्रॅक्ड'मध्ये मार्पलच्या ओळखीतले कर्नल बँट्री वारलेले असतात, इथे ते चांगले हयात आहेत. चिकित्सक वाचक याला चूक म्हणतात. मला बँट्री दिसल्यावर इतका आनंद झाला की चूक दुरुस्त न केल्याबद्दल प्रकाशकांचे आभार मानावेसे वाटले.

रविवार, झोपण्यापूर्वी

थोडं मार्पलच्या पद्धतीविषयी. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळा पहाड दिले. धावणारे, वेश बदलणारे, पिस्तूल रोखणारे नायक. दारात चहाला थांबून, "आधीच्या मालकीणबाईंकडे कामाला कोण होतं हो?" असं विचारून खुनापर्यंत पोचणारी म्हातारी आपल्याकडे झाली नाही. खरं तर अशा बायकांची आपल्याकडे टंचाई नाही. आमच्या सोसायटीतच दोघी आहेत.

डिलमथमध्ये मार्पल काय करते? डॉक्टरांकडून 'समुद्राची हवा हवी' असं वदवून घेऊन तिथे जाऊन राहते. कापडाच्या दुकानात जाते, बाळाचे लोकरी कपडे बघते, जुन्या कामवाल्यांची आठवण काढते. माळ्याशी गुलाबांवरून बोलते. समोरचा माणूस आपण चौकशीला उत्तरं देतो आहोत हे न कळता बोलत राहतो. मनात मात्र ती कुणाचाही पटकन भरवसा धरत नाही. ख्रिस्तीची आजी म्हणे अशीच होती, हसतमुख, पण प्रत्येकाबद्दल वाईटात वाईट तेच गृहीत धरणारी, आणि बहुतेक वेळा बरोबर ठरणारी.

आणि तरी सुरुवातीला ती या पोरांना, ग्वेंडाला आणि तिच्या नवऱ्याला, सांगते की उकरू नका. इतक्या वर्षांमागचा खून झोपला आहे, झोपू द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मार्पलच्या गावाला, सेंट मेरी मीडलाही ठाऊक असावं. पोरं ऐकत नाहीत. ऐकली असती तर एक माणूस जिवंत राहिला असता, हे पुस्तक वाचलेल्याला कळेल. त्या माणसाच्या मरणावर पुस्तक फार रेंगाळत नाही, आणि ते मला खटकलं. या सुखद रहस्यकथांची ही जुनी खोड आहे. कामवाली मेली की एक परिच्छेद, मालकीण मेली की पूर्ण कादंबरी.

सोमवार, उशिरा

संपलं.

खुनी कोण ते इथेही लिहीत नाही. ही वही मावशीच्या हाती लागू शकते. म्हणजे तिला चालेल, पण मला चालणार नाही.

कोडं म्हणून हे ख्रिस्तीच्या पहिल्या फळीतलं नाही. तिघा संशयितांची गाठ घेत फिरण्यात मधली पन्नासेक पानं ढिली पडली आहेत, आणि चौथा माणूस जरा लक्ष देऊन वाचणाऱ्याला दिसतो. मला उशिरा दिसला, कारण मी कपाटातल्या त्या कागदाच्या धाकात होते. पण शेवटचा प्रसंग! ग्वेंडा घरात एकटी, खुनी तिच्यासमोर, हात पुढे येत आहेत, आणि बागेतून धापा टाकत येते मार्पल, हातात साबणाच्या पाण्याची पिचकारी. गुलाबावरचा मावा मारायची. तीच ती खुन्याच्या डोळ्यांत मारते. चाळीसएक वर्षांच्या कारकिर्दीत बाईंनी एवढं एकच शस्त्र वापरलं असतं तरी मला पुरलं असतं.

शेवटचं प्रकरण टॉर्कीच्या इंपीरियल हॉटेलच्या गच्चीवर घडतं. टॉर्की हे ख्रिस्तीचं जन्मगाव. महायुद्धात, आपलं काही खरं नाही असं वाटत असताना, तिने मार्पलला निवांत बसवलं ते आपल्या गावी, समुद्रासमोर. हे तिने ठरवून केलं का, याचा पुरावा कुठे मिळाला नाही. मी ठरवूनच केलं असं धरून चालणार आहे.

बुधवार

मावशीला फोन केला. म्हटलं, वाचून झालं. ती म्हणाली, "मग? रडलीस?" नाही रडले. रडायला काही कारणच ठेवलेलं नाही बाईंनी. मरण नाही, निरोप नाही, खुलासा झाला की पुस्तक संपतं. मला मात्र कुठेतरी निरोप हवा होता, म्हणून काल रात्री 'नेमेसिस' काढून शेवटची पानं पुन्हा वाचली. लिहिण्याच्या क्रमाने तीच शेवटची.

तिथे काम फत्ते केल्याबद्दल मार्पलला वीस हजार पौंड मिळतात. वकील काळजीने विचारतात, कुठे गुंतवायचे. ती म्हणते, चालू खात्यात टाका, मला ते खर्च करायचे आहेत, जरा मजा करायची आहे. ते म्हणतात, पण अडीअडचणीच्या पावसाळी दिवसासाठी थोडे बाजूला ठेवावेत. ती म्हणते, पावसाळी दिवसासाठी मला फक्त माझी छत्री लागेल.

मावशीला हे वाचून दाखवलं. ती बँकेतून रिटायर झालेली.

"वीस हजार पौंड," ती म्हणाली, "आणि चालू खात्यात? अगं, त्यावर दमडीचं व्याज मिळत नाही. वकिलांनी सही कशी घेतली?"