सिम्युलेटर नोंदवही, नोंद ६ : क्षितिज नसलेली रात्र

गेले तीन आठवडे मी घरच्या सिम्युलेटरवर एकच उड्डाण पुन्हा पुन्हा करत आहे. १६ जुलै १९९९ रोजी रात्री ८ वाजून ३८ मिनिटांनी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन एफ. केनेडी ज्युनिअर यांनी न्यू जर्सीतील एसेक्स काउंटी विमानतळावरून आपले पायपर सॅराटोगा विमान उडवले आणि तासाभराने ते मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळले. पत्नी आणि मेहुणीसह तिघेही त्यात गेले. त्यांचा एकूण अनुभव सुमारे ३१० तासांचा होता आणि त्यांच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचे काही न दिसता केवळ यंत्रांवर विसंबून उडण्याचा परवाना, नव्हते.

पहिल्या आठवड्यात मी हौसेने दाट ढग आणि पाऊस लावून बसलो, तो सगळा वेळ फुकट गेला. त्या रात्री वादळ नव्हते. विमानतळांवरची दृश्यता नुसत्या नजरेने उडण्याच्या नियमांत बसणारी होती, फक्त काळोख्या पाण्यावरच्या धूसर हवेत क्षितिजाची रेघ हरवली होती. ढगात शिरणारा वैमानिक निदान सावध तरी होतो.

दृश्यता सहा मैल ठेवून उडालो, तर दर वेळी सुखरूप उतरलो. माझे कौतुक नको. आर्टिफिशियल हरायझन (विमान किती कलले आहे ते दाखवणारे यंत्र) समोर होते आणि खुर्ची जागची हलत नव्हती. म्हणून त्या यंत्रावर कागद चिकटवला, डोळे मिटले आणि मुलाला विमान हळूच कलवायला सांगितले. डोळे उघडल्यावर वेग वाढताना आणि उंची घटताना दिसते, हात आपोआप योक (विमानाचे सुकाणू) मागे ओढतो, पण पंख कललेलेच असल्याने त्या ओढीने वळण अधिकच आवळत जाते. केनेडींचे विमान अखेरीस मिनिटाला ४,७०० फुटांहून अधिक वेगाने खाली येत होते. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठाने इन्स्ट्रुमेंटचा सराव नसलेल्या २० वैमानिकांना असेच बाहेरचे काही दिसू न देता उडवून पाहिले. सर्वांचा ताबा सरासरी १७८ सेकंदांत सुटला आणि त्यांतले १९ जण अशाच स्पायरलमध्ये, म्हणजे आवळत खाली जाणाऱ्या वळणात, सापडले.

कानाची फसगत मात्र पडद्यावर होत नाही. संथ, एकसारखे वळण चालू राहिले की अंतर्कर्णातील द्रव स्थिरावतो आणि वळण जाणवेनासे होते. रविवारी डोळे बांधून फिरत्या खुर्चीत बसलो आणि मुलाला ती उजवीकडे एकाच गतीने फिरवायला सांगितली. थोड्या वेळाने त्याने ती थांबवली, तेव्हा "आता उलटी का फिरवतोस?" असे मी त्याला विचारले. पट्टी काढून लगेच योक हाती घेतला. तीनपैकी दोन वेळा सरळ चाललेले विमान मी स्वतःच उजवीकडे कलवले.