सिकलसेलचे कार्ड आणि संशोधनाचा प्रश्न

समाजकार्य व्यवसायाच्या पुढील संशोधनाची दिशा काय असावी, याचा एक मसुदा विदर्भातील काही समाजकार्य महाविद्यालयांच्या प्राध्यापकांनी आणि क्षेत्रात काम करणाऱ्या आम्हा काही जणांनी मिळून तयार केला होता. त्यावर हरकती आणि सूचना घेण्यासाठी नागपुरात खुली बैठक ठेवण्यात आली. मी शासकीय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करते. एका गटाची चर्चा चालवणे आणि तिची नोंद ठेवणे ही त्या दिवसाची माझी जबाबदारी होती. सेवा घेणाऱ्या कुटुंबांनाही बोलवावे असा आग्रह आमच्यातील काहींनी धरला होता. त्याला बराच विरोध झाला, शेवटी तो मान्य झाला आणि त्या बैठकीतून जे हाती लागले ते बहुतांशी त्या आग्रहामुळेच लागले, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा मसुद्याची गरज का भासली, हे आधी सांगायला हवे. आपल्याकडे समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण 1936 मध्ये मुंबईत सुरू झाले. अमेरिकी मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ती संस्था आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. या विषयाचे संशोधनपर नियतकालिकही 1940 पासून निघते. तरीही परिचर्येसाठी 1947 च्या कायद्याने जशी परिषद आली, तशी समाजकार्यासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद देशात आजही नाही. वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्त्यांचा उल्लेख 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याच्या अनुसूचीत आहे, पण बालकल्याण, कुटुंब समुपदेशन, ग्रामीण विकास या क्षेत्रांतील आमचे बहुसंख्य सहकारी त्या चौकटीबाहेरच राहतात. परिषद नाही म्हणून नोंदवही नाही, आणि नोंदवही नाही म्हणून समाजकार्यकर्त्यांचा साधा नमुना निवडायचा म्हटले तरी यादी कुठून आणायची, इथपासून संशोधकाची अडचण सुरू होते. दुसरीकडे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे लघुशोधप्रबंध वर्षानुवर्षे महाविद्यालयांच्या कपाटांत बांधून ठेवलेले आहेत. त्यांतील विषय मार्गदर्शकाच्या सोयीने आणि परीक्षेच्या वेळापत्रकाने ठरतात. ज्यांच्यासाठी आम्ही काम करतो, त्यांना काय जाणून घ्यायचे आहे, हे विचारण्याची पद्धत नाही. इंग्लंडमध्ये प्रौढांसाठीच्या समाजकार्यातील संशोधनाचे 10 अग्रक्रम 2018 मध्ये ठरवले गेले, तेव्हा सेवा घेणारे, त्यांची काळजी वाहणारे आणि समाजकार्यकर्ते एकत्र बसले होते. आमच्या बैठकीची रचना करताना आम्ही तोच धडा समोर ठेवला होता.

सकाळचे सत्र औपचारिक होते आणि त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. मसुद्यातील प्रकरणे वाचून दाखवण्यात आली : व्यावसायिक क्षमता, सेवांचे मूल्यमापन, धोरणांचा परिणाम, डिजिटल नोंदी, कार्यकर्त्यांवरील ताण. हे सारे विषय आवश्यकच आहेत.

दुपारी गट बसले. माझ्या गटात दोन प्राध्यापक, एक निवृत्त अधीक्षक, एका स्वयंसेवी संस्थेतील कार्यकर्ता, क्षेत्रकार्य करणाऱ्या दोन विद्यार्थिनी आणि भंडारा जिल्ह्यातून आलेल्या एक बाई होत्या. बाईंचा मुलगा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण, म्हणजे आमच्या भाषेत ‘एसएस’, आणि मुलगी ‘एएस’, म्हणजे वाहक : तिला स्वतःला आजार नाही, पण तो तिच्याकडून पुढच्या पिढीत जाऊ शकतो. त्या पुढे जे बोलल्या ते त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून लिहीत आहे.

हा आजार विदर्भाला नवा नाही. भारतात सिकलसेलची पहिली नोंद 1952 मध्ये नीलगिरीतील आदिवासींमध्ये झाली आणि त्यानंतर मध्य भारतातही तो मोठ्या प्रमाणावर आढळत गेला. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतून आमच्याकडे येणाऱ्या केसपेपरांवर तो रोज दिसतो. वाहक व्यक्ती स्वतः सहसा निरोगी असते. मात्र आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के असते. त्यामुळे लग्नाआधी तपासणी आणि समुपदेशन यांवर भर दिला जातो. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि 2047 पर्यंत आजाराचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. तपासणी झाली की व्यक्तीला तिच्या स्थितीची नोंद असलेले कार्ड दिले जाते. दोन वाहकांचे लग्न होऊ नये म्हणून लग्न ठरवताना दोन्हीकडची कार्डे पाहावीत, असा सल्ला त्यासोबत आमच्यासारखे लोक देतात.

बाई बराच वेळ गप्प होत्या. कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाबद्दल चर्चा चालली होती. मी त्यांना थेट विचारले की, ताई, तुम्हाला काय विचारावेसे वाटते? त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, “मॅडम, कार्ड त देलं तुमी. पन लगनाच्या वक्ती ते दाखवाव का लपवाव, हे कोनी सांगत नाही जी.”

मग त्यांनी सविस्तर सांगितले. मुलीला पाहायला आलेल्या पहिल्या स्थळाला त्यांनी कार्ड दाखवले. मुलगी आजारी नाही, हे त्यांनी आपल्या परीने समजावलेही. पाहुणे चहा घेऊन गेले आणि निरोप पाठवला नाही. पुढच्या वेळीही तसेच झाले आणि गावात ‘त्यांच्या पोरीच्या रक्तात खोट आहे’ अशी बोलणी सुरू झाली. त्यानंतर आलेल्या स्थळाच्या वेळी त्यांनी कार्ड धानाच्या कोठीत, पोत्याखाली ठेवले. लग्न झाले. जावयाची तपासणी झालेली नव्हती, ती आजही झालेली नाही, आणि मुलगी आता गरोदर आहे. “पोराकडच्याले कोनी कार्ड मागत नाही,” असे त्या म्हणाल्या तेव्हा गटातील दोन्ही विद्यार्थिनींनी लिहिणे थांबवले होते.

निवृत्त अधीक्षकांनी आक्षेप घेतला. हा विषय रक्तविकारतज्ज्ञांचा आणि आरोग्य विभागाचा आहे, समाजकार्याच्या संशोधन धोरणात तो घालणे योग्य होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांचा आदर करते, पण येथे मी सहमत होऊ शकले नाही आणि तसे बोलले. प्रयोगशाळेचे काम अहवाल हाती आला की संपते. त्या अहवालाचे कार्ड घरात गेल्यावर आईवर, मुलीवर, भावकीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न दुसऱ्या कोणत्याच शाखेचा नाही, तो आमचाच आहे. शिवाय ते कार्ड आम्ही दिलेले आहे. लोकांनी आमचा सल्ला किती पाळला हे मोजणारी संशोधने आम्ही करू. पण आमच्या सल्ल्याने लोकांच्या आयुष्यात काय घडवले, हे विचारायला आम्ही तयार आहोत का, हा प्रश्न त्या टेबलावर ठेवला गेला होता.

पोराकडच्यांना कोणी कार्ड मागत नाही, हे बाईंचे वाक्य मला माझ्या रोजच्या कामात जाणवणाऱ्या एका गोष्टीपर्यंत घेऊन गेले. आमच्याकडे प्रौढांपैकी तपासणीसाठी सर्वांत सहज सापडते ती गरोदर स्त्री, कारण तिला दवाखान्यात यावेच लागते. ती वाहक निघाली की नवऱ्याला बोलावण्याची चिठ्ठी तिच्याच हाती दिली जाते. नवरा हैदराबादला बांधकामावर असतो, किंवा गावात असूनही ‘मला काय झालंय?’ म्हणून येत नाही. त्यामुळे ‘सिकल’ हा शिक्का आधी आणि बरेचदा फक्त बाईच्या नावावर बसतो. हे सारे आमच्या नोंदवह्यांत ओळीओळीने लिहिलेले आहे, पण त्या नोंदी एकत्र करून कोणी वाचलेल्या नाहीत, कारण असा प्रश्नच कोणी मांडलेला नव्हता.

एका प्राध्यापकांनी तत्परतेने कागदावर प्रश्न लिहून घेतला : ‘सिकलसेल वाहकांच्या वैवाहिक निर्णयप्रक्रियेवरील समुपदेशनाचा परिणाम’. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. बाईंनी ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले की, यात पोराकडच्यांचे कुठे आले? प्राध्यापकांनी वाद घातला नाही, हे मला आवर्जून नोंदवावेसे वाटते. त्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला. बऱ्याच चर्चेनंतर प्रश्न असा लिहिला गेला : लग्न ठरताना सिकलसेलचे कार्ड कोण कोणाला मागते, कोण दाखवते आणि कोण लपवते, लपवल्याचे आणि दाखवल्याचे परिणाम मुलींना आणि मुलांना सारखेच भोगावे लागतात का, आणि तपासणीची सुरुवात मुलांपासून केली तर यात काय बदलते? बाईंनी तो दोनदा वाचून घेतला आणि मान हलवली.

त्यानंतर त्यांनी एक अट घातली. असा अभ्यास करायचा असेल तर माणसे जरूर पाठवा, पण सिकलसेलचा फलक लावलेली गाडी दारात उभी करू नका, कारण गाडी थांबली की सगळ्या आळीला कळते. संशोधनाच्या नीतिनियमांत गोपनीयतेवर आम्ही पाने भरतो. माहिती सांकेतिक क्रमांकाने ठेवावी, कागद कुलुपात ठेवावेत, संमतिपत्र सहभागी व्यक्तीच्या भाषेत असावे, हे सारे योग्यच आहे. पण संशोधक त्या घरापर्यंत कशाने जाणार, याचा विचार मसुद्यातील एकाही परिच्छेदात नव्हता. क्षेत्रकार्य करणाऱ्या एका विद्यार्थिनीने सुचवले की मुलाखती आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी घ्याव्यात, कारण त्या दिवशी बाया तशाही बाहेर पडतात आणि कोणी विचारत नाही. बाईंना ते पटले.

संध्याकाळी प्रत्येक गटाने आपले अग्रक्रम सभेपुढे मांडले. सिकलसेलच्या कार्डाचा प्रश्न मी वाचला तेव्हा मागच्या रांगेतून सिकलसेलग्रस्त असलेला एक तरुण उठला आणि त्याने त्याला जोड दिली. दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्यात समाविष्ट 21 प्रकारांमध्ये सिकलसेल आहे. त्यानुसार प्रमाणपत्र काढण्याचा आग्रह आम्ही करतो, पण ते काढल्यावर नोकरीत आणि सोयरिकीत काय होते हे कोणी पाहिले आहे का, असे त्याने विचारले. तेच सूत्र होते आणि सभेने ते ओळखले. ओळखपत्र, प्रमाणपत्र, नोंदणी यांमुळे माणसाला हक्क मिळतो तसा डागही लागतो, आणि त्या दोन्हींचा हिशेब आमच्या व्यवसायाने मांडला पाहिजे, या मुद्द्याला त्या दिवशी सर्वाधिक पाठिंबा मिळाला.

सुधारित मसुदा आता हाती आला आहे. कार्डाचा प्रश्न त्यात आमच्या गटाने लिहिला होता त्याच शब्दांत आहे, प्रमाणपत्राचा प्रश्न त्याला जोडलेला आहे, आणि सहभागी व्यक्तींपर्यंत कसे पोहोचावे हे त्यांच्याशी बोलून ठरवावे, असे एक कलम नीतिनियमांत आले आहे. रुग्णालयांतील समाजसेवा विभागांच्या जुन्या नोंदी ओळख पुसून अभ्यासासाठी खुल्या कराव्यात आणि तोवर त्या रद्दीत काढू नयेत, ही आमची मागणी मात्र या सुधारित मसुद्यात आलेली नाही. आमच्याकडे कोणत्या वर्षांच्या नोंदवह्या आहेत, त्यांत कोणते रकाने भरले जातात आणि ओळख पुसण्याचे काम कोण करू शकेल, याचे टिपण जोडून ती मी मसुदा समितीकडे पुन्हा लेखी पाठवली आहे. भंडाऱ्याच्या बाईंच्या जावयाची तपासणी त्यांच्या तालुक्याच्या रुग्णालयात गवगवा न होता व्हावी, यासाठी तेथील समुपदेशकाशी माझे बोलणे चालू आहे.