उपाशीपोटीची साखर

आमच्या जीवशास्त्राच्या बाई शरीराचा तक्ता भिंतीला टांगायच्या, छडीचं टोक यकृतावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "तुम्ही रात्रभर झोपता, मग मेंदूला साखर कोण पुरवतं रे?" शाळेने पुष्कळ दिलं, पण माझ्या दवाखान्यात सर्वांत उपयोगी पडतो तो हा प्रश्न. कारण "डॉक्टर, रात्री अर्धीच भाकरी खाल्ली, तरी सकाळी शुगर १६० कशी?" असं विचारणारं कुणी ना कुणी समोर असतंच.

ती साखर ताटातली नसते, यकृताने बनवलेली असते. ग्लायकोजेन म्हणून साठवलेली साखर ते रात्री मोडतं, शिवाय लॅक्टिक आम्ल, अमिनो आम्लं आणि ग्लिसरॉलपासून नवं ग्लुकोज घडवतं. निरोगी माणसात इन्सुलिन या कामाला लगाम घालतं. टाइप २ मधुमेहात यकृत त्याला दाद देत नाही. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली मोजक्या रुग्णांत हे मोजलं. नवं ग्लुकोज घडण्याचा वेग निरोगी माणसांच्या सुमारे तिप्पट होता, आणि मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने तो ३६ टक्क्यांनी उतरला.

ही गोळी इन्सुलिन वाढवत नाही, म्हणून एकटी घेतली तर शुगर धोकादायक खाली जाणं विरळा. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं, त्यामुळे औषध तिथे जास्त पोचतं आणि बाईंनी पाठ करून घेतलेल्या तंतुकणिकांतली, म्हणजे पेशीच्या वीजघरांतली, ऊर्जानिर्मिती मंद करतं. लॅक्टिक आम्लापासून ग्लुकोजचा एक रेणू घडवायला एटीपीसारखे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे, सहा रेणू खर्ची पडतात. ऊर्जा कमी पडली की ते कामही मंदावतं. पुढे एएमपीके या, पेशीतली ऊर्जा घटल्याचं ओळखणाऱ्या विकराला (एन्झाइमला) औषधाच्या परिणामाचं सगळं श्रेय मिळालं, पण २०१० साली यकृतात ते नसलेल्या उंदरांनाही औषध लागू पडलं. फ्रेंच डॉक्टर जाँ स्टर्न यांनी १९५७ साली पॅरिसहून ज्याचे निष्कर्ष मांडले, त्या औषधाबद्दल अजून वाद चालू आहेत, याचं मला अपार कुतूहल वाटतं.

आमच्या बॅचमधल्या अनेकांच्या खिशात आज ही गोळी आहे. मित्रांनो, तपासणीच्या आदल्या रात्री जेवण टाळू नका. गोळी जेवणासोबत घ्या, म्हणजे पोट बिघडण्याची शक्यता कमी होते. आणि ती लघवीवाटे जशीच्या तशी बाहेर पडते, तेव्हा वर्षातून एकदा तरी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, त्यावरून किडनीचं काम कळतं. किडनी मंदावली असेल तर डोस कमी करावा लागतो.