हातचा एक

मी डोंबिवलीतल्या एका शाळेत नववीला गणित शिकवते, त्यामुळे कापरेकरांचा विषय दरवर्षी निघतोच. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी या संख्यांना 'डेम्लो' म्हटलं. डेम्लो म्हणजे आपलंच डोंबिवली स्टेशन, त्याचं जुनं नाव! एवढं सांगितलं की मुलं सरसावून बसतात.

त्या दिवशी तास संगणक कक्षात होता. १११११११११ चा वर्ग एक्सेलमध्ये करा म्हटलं. उत्तर यायला हवं १२३४५६७८९८७६५४३२१. प्रत्येक स्क्रीनवर मात्र आलं १२३४५६७८९८७६५४३००.

मी फळ्याकडे वळणार, तोच मागून आवाज आला. "बाई, हे चूक आहे. एककस्थानी १ असलेल्या संख्येच्या वर्गात शेवटी ० कसं येईल?" एरवी ही मुलगी तासाला एक शब्द बोलत नाही. ती तेवढ्यावर थांबली नाही. "नऊ एकांची बेरीज ९, म्हणजे संख्येला ९ ने भाग जातो. मग वर्गाला ८१ ने जायला हवा. स्क्रीनवरच्या अंकांची बेरीज ७८ आहे, त्याला ९ नेसुद्धा जात नाही." खऱ्या उत्तराच्या अंकांची बेरीज बरोबर ८१ येते.

एक्सेल पंधराच अंक धरून ठेवतं, पुढे शून्यं भरतं, एवढं मला माहीत होतं. मुळातली अडचण घरी गेल्यावर वाचली. संगणकाच्या नेहमीच्या द्विमान (० आणि १ मधल्या) साठवणीत ९००७१९९२५४७४०९९२, म्हणजे २ चा ५३ वा घात, इथपर्यंतच प्रत्येक पूर्ण संख्या नेमकी बसते. त्यापुढे काही अंतर फक्त सम संख्या. आमची विषम होती, तिला तिथे जागाच नव्हती.

त्याच तासाला मग मुलांनीच विचारलं, दहा एक घेतले तर? यंत्रं बाजूला ठेवून वहीत उभा गुणाकार मांडला. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे. मधल्या स्तंभात एकांची बेरीज १०. शून्य लिहिलं, हातचा एक. शेजारच्या ९ मध्ये तो मिळवला, पुन्हा १०, पुन्हा हातचा एक. त्याच्या शेजारचा ८ झाला ९. उत्तर: १२३४५६७९००९८७६५४३२१. नक्षी मोडल्याचं काहींना वाईट वाटलं. मला मात्र ही संख्या आधीच्या सगळ्यांहून सुंदर वाटते, कारण नक्षी कुठे आणि का मोडली ते तिच्यात उघड दिसतं.

"बाई, डावीकडचा ८ गेला," तीच मुलगी म्हणाली. "१२३४५६७९ ला ९ ने गुणलं की नऊ एक येतात. त्यातही ८ नाही. तिथेही हातचाच का?"

मी म्हटलं, १ ला ८१ ने भागून बघ. १/९ म्हणजे ०.१११…, त्याचा हा वर्ग.

तेवढ्यात घंटा झाली. मधल्या सुट्टीत ती शिक्षकखोलीच्या दाराशी आली, वही उघडीच होती. भागाकार ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ पर्यंत पोचला होता.