‘ग्रॅन्युलोमॅटस’ म्हणजे टीबीच? लेकीच्या बार्टोनेला टेस्टचा माझा अनुभव

गाठीच्या एफएनएसी (सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीच्या) रिपोर्टवर ‘ग्रॅन्युलोमॅटस’, म्हणजे दाहामुळे पेशींचे पुंजके झालेले, हा शब्द आला, की आपल्याकडे पुढचा शब्द टीबीच असतो. माझ्या आठ वर्षांच्या लेकीच्या काखेतल्या गाठीचंही तेच झालं. यात डॉक्टरांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे टीबी इतका आहे की ती शंका आधी घ्यायलाच हवी. पण स्लाइडवर टीबीचे जंतू दिसले नव्हते, सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) निगेटिव्ह होतं, छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. तरीही ‘सहा महिन्यांचं एकेटी सुरू करून टाकू’ असा टीबीच्या औषधांचा सल्ला मिळाला, तेव्हा आम्ही दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो.

त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि आधी तिचा हात बघितला. काखेतली गाठ सगळ्यांनीच चाचपली होती. यांनी कोपराच्या आतल्या बाजूला बोटं फिरवली. तिथेही शेंगदाण्याएवढी एक गाठ होती, दाबल्यावर लेक ‘आई गं’ म्हणाली. मनगटाजवळ एक सुकत आलेली लालसर पुळी होती. ‘घरात मांजर आहे?’ घरात नव्हतं. पार्किंगमधलं पिल्लू होतं, ते रोज संध्याकाळी हिच्या मांडीवर. सासूबाई लगेच म्हणाल्या, ‘मी पहिल्यापासून सांगतेय, हे अवधान आहे, जखमेमुळे आलेली गाठ, हाताला काहीतरी लागलंय.’ डॉक्टर हसून म्हणाले, ‘आजींचं निदान निम्मं बरोबर आहे.’

शंका होती बार्टोनेला हेन्सेली या जंतूची, म्हणजे मांजराच्या ओरखड्यातून होणाऱ्या ‘कॅट स्क्रॅच डिसीज’ची. मांजराच्या पिसवांच्या विष्ठेत तो असतो, विष्ठा नखांत अडकते आणि ओरखड्यातून आपल्यात शिरते. मांजर स्वतः ठणठणीत असतं. पॅरिसच्या रोबेर देब्रे यांनी १९५० मध्ये या आजाराचं वर्णन केलं, पण गाठींमध्ये जंतू दिसायला १९८३ उजाडलं, तेही चांदीच्या क्षाराचा खास स्टेन (जंतू दिसावेत म्हणून स्लाइडला द्यायचा रंग) वापरल्यावर. नेहमीच्या स्टेनमध्ये तो सहसा सापडत नाही.

मग टेस्टची शोधाशोध. जवळच्या कलेक्शन सेंटरवरची मुलगी कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाली, ‘मॅडम, बार्टोनेला नाही, ब्रुसेला आहे. चालेल?’ नाही चालणार, तो वेगळाच जंतू. शेवटी एका लॅबने नमुना बाहेरगावी पाठवायची तयारी दाखवली, पैसे आगाऊ. रक्त काढण्यात विशेष काही नाही: साधी प्लेन ट्यूब, उपाशी राहायची गरज नाही. डॉक्टरांनी मात्र दोन गोष्टी बजावल्या होत्या. फॉर्मवर गाठ कधी आली ती तारीख आणि ‘मांजराचा संपर्क’ हे लिहायचं. आणि उरलेलं सिरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव) फेकू न देता फ्रीझ करून ठेवायला सांगायचं. पहिलं काम मी पेनाने केलं. दुसऱ्यासाठी फोनवर फोन करावे लागले, कारण काउंटरवर कुणालाच ते कशासाठी हे कळेना.

रिपोर्ट आला: आयजीएम (संसर्गाच्या सुरुवातीला येणाऱ्या अँटिबॉडी) निगेटिव्ह, आयजीजी (नंतर दीर्घकाळ टिकणाऱ्या) १:१२८. म्हणजे आहे की नाही? लॅबच्या मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडमनी फोनवर शांतपणे समजावलं. सिरम दर वेळी दुप्पट पातळ करत जायचं, जंतू चिकटवलेल्या स्लाइडवर टाकायचं, अँटिबॉडी, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, असतील तर फ्लुरोसंट मायक्रोस्कोपखाली हिरवी चमक दिसते. ज्या पातळीपर्यंत चमक टिकते तो आकडा म्हणजे टायटर. १:६४ पेक्षा कमी असेल तर आत्ता आजार चालू असण्याची शक्यता कमी, १:२५६ च्या वर गेला तर शंका पक्की होत जाते. आमचा मधेच लटकलेला. आयजीएम फार दिवस टिकत नाही, त्यामुळे ते निगेटिव्ह आलं म्हणून सुटका नाही. शिवाय चमक बघणारा माणूस बदलला की टायटर एका पायरीने इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणूनच दोन-तीन आठवड्यांनी दुसरं रक्त घ्यायचं आणि जुनं सिरम त्याच्यासोबत, एकाच वेळी, तपासायचं. चौपट वाढ दिसली तर ती खरी.

मी कल्चरबद्दलही, म्हणजे प्लेटवर जंतू वाढवून बघण्याबद्दल, विचारलं. हा जंतू इतका सावकाश वाढतो की प्लेट तीन आठवडे किंवा जास्त ठेवावी लागते, आणि तरी बहुतेकदा काही उगवत नाही. गाठीतल्या द्रवाचं पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) चांगलं, पण त्यासाठी पुन्हा सुई टोचावी लागली असती. लेकीने आधीच हात मागे घेतला होता. तो विषय तिथेच संपला.

मधल्या काळात डॉक्टरांनी पाच दिवस अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं. निरोगी मुलांमध्ये हा आजार औषधाशिवायही बरा होतो, औषधाने गाठ जरा लवकर उतरते, एवढंच. ताप वाढला किंवा नजर धूसर झाली तर मात्र ताबडतोब यायला सांगितलं होतं. वजन टिकून होतं, भूक नीट होती, म्हणून एकेटी थांबवून ठेवायला ते तयार झाले.

दुसऱ्या रिपोर्टमध्ये दोन्ही नमुने शेजारी शेजारी होते: जुना १:१२८, नवा १:५१२. एकेटीचा विषय तिथेच मिटला.

पिल्लालाही तपासायचं का, असं पशुवैद्यांना विचारलं. त्यांनी नको म्हटलं. कितीतरी मांजरांत हा जंतू सापडतो आणि त्याने उपचार काही बदलत नाहीत. मानेवर टाकायचे पिसवांचे थेंब दिले आणि नखं कापून दिली. काही महिन्यांनी गाठ बोटांना लागेनाशी झाली, तेव्हा मी डॉक्टरांना म्हटलं, एकदा टायटर करून बघू या का? ते म्हणाले, ‘कशाला? आयजीजी कितीतरी महिने वरच राहतं. आकडा बघून तुम्ही उगाच घाबराल.’