सगळंच्या सगळं हिरवं

अल्बोचं, म्हणजे माझ्या पांढऱ्या पट्ट्यांच्या मॉन्स्टेरा वेलाचं, नवं पान आज उघडलं. सगळंच्या सगळं हिरवं. आधीचंही तसंच होतं, पण त्याच्या देठावर एक पांढरी रेघ होती, तिच्यावर मी तग धरून होते.

आई म्हणाली, "अगं, किती टवटवीत आलंय!" मला चक्क रडू आलं. तिच्या मते पांढऱ्या पानांना खत पुरत नव्हतं, आता ती चहाचा चोथा घालते म्हणून पानं सुधारली.

झाड आजारी पडलं असतं तर वाईट वाटणं मला कळलं असतं. हे तर धडधाकट झालंय. पांढऱ्या भागात हरितद्रव्यच नसतं, तो हिरव्याच्या जिवावर जगतो. एकाच खोडात दोन तऱ्हेच्या पेशी. हिरव्या जोमाच्या, त्या वरचढ होणारच. मेक्सिकोच्या जंगलात मॉन्स्टेरा मोठ्या झाडांच्या सावलीत वर चढतो, तिथे अर्धं पान रिकामं ठेवणं परवडलं असतं का? म्हणजे त्याने केलं ते शहाणपणाचंच. मग मी का रुसले?

पैशांसाठी? लॉकडाऊनमध्ये एका पानाच्या कटिंगला काय मोजले ते मंदारला अजून माहीत नाही. असो.

ईशाच्या खोलीची खिडकी आता याचीच आहे. तेही असो.

पण खरंच, मला नक्की काय आवडत होतं? त्याचं अर्धपोटी राहणं? मनीप्लांटही दूरच्या मोरेआ बेटावरून आलेला, त्याचे पिवळे पट्टे अंधाऱ्या कोपऱ्यात फिकट झाले तर कुणी डोळे पुसत नाही. तो बाटलीत असतो, फुकटचा असतो, एवढाच काय तो फरक.

झाडवाल्यांच्या ग्रुपवर सगळे म्हणतात, खोडावर पांढरी रेघ दिसते त्या नोडच्या, म्हणजे पेराच्या, वर छाट, पट्ट्यांचा फुटवा येईल. येईलही. नाहीतर आख्खा पांढरा येईल. तसली पानं चार दिवस मिरवतात आणि कडेने तपकिरी पडत जातात. तेव्हाही मी रडणारच म्हणा.

रविवारी छाटते. शेंड्याला हवेतली मुळं आहेत, सहज लागेल. पण ग्रुपवर हिरवा मॉन्स्टेरा फुकटसुद्धा कोणी नेत नाही. वॉचमनकाकांना विचारलं, तर ते खूश. गेटजवळच्या आंब्याखाली लावतो म्हणाले, "फक्त नाजूक नको हं ताई, मागच्या वेळेसारखं."